तापाचा कितवा दिवस?

शनिवारी सकाळी दवाखान्यात पंचेचाळिशीचा एक बागायतदार आला. हातात डेंग्यूच्या एनएस-१ (रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधणाऱ्या) चाचणीचा त्याच दिवशीचा रिपोर्ट, निगेटिव्ह. मी विचारलं, ताप कधीपासून? ‘परवापासून. पण आज उतरलो. बरा वाटता.’ शेजारी बसलेली बायको लगेच म्हणाली, ‘परवा खय? सोमवारी रातीच तुमचा आंग तापलेला. जेवूक नाय तुमी.’

या एका वाक्याने सगळं निदान फिरलं. नवऱ्याच्या हिशोबाने तापाचा तिसरा दिवस होता, बायकोच्या हिशोबाने सहावा. तिसऱ्या दिवशीची निगेटिव्ह एनएस-१ आणि सहाव्या दिवशीची निगेटिव्ह एनएस-१ यांचा अर्थ एक नसतो. आणि सहाव्या दिवशी ताप उतरून ‘बरं वाटणं’ हे डेंग्यूत कधी कधी धोक्याचंच लक्षण असतं. या माणसाकडे पुढे परत येईन.

सिंधुदुर्गात इतकी वर्षं पावसाळी ताप बघून मी एका गोष्टीवर अडून बसायला शिकलो आहे. ती म्हणजे दिवस मोजणं. कुठली चाचणी कधी करायची, औषध लागू पडतंय की नाही, घाबरायचं कधी, हे बरंचसं त्यावर ठरतं. खाली लिहिलंय ते मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचा ताप हा वेगळा विषय, त्यांची औषधंही वजनावर ठरतात.

१. तारीख आणि आकडा लिहा

अंगात पहिल्यांदा कणकण वाटली तो पहिला दिवस. डॉक्टरकडे गेलात तो नव्हे, किंवा गोळी घेतलीत तोही नव्हे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा आणि वेळ लिहा.

मग थर्मामीटर. हात लावून ‘कडकडीत ताप आहे’ सांगणाऱ्या आज्यांचा मला आदर आहे, पण आकडा हवा. साधा डिजिटल थर्मामीटर जिभेखाली धरा आणि तोंड मिटून ठेवा. नुकताच चहा किंवा गार पाणी प्यायलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. काखेत लावायचा असेल तर आधी घाम पुसा आणि हात अंगाशी घट्ट दाबून धरा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी येतो. कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळावरची ‘बंदूक’ गर्दी चाळायला ठीक होती, तापाचा तक्ता ठेवायला नाही.

१००.४ किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप. संध्याकाळचा ९९ हा बहुतेकदा ताप नसतोच, कारण निरोगी माणसाचंही अंग संध्याकाळी सकाळपेक्षा थोडं गरम असतं. ‘आत ताप आहे, बाहेर दिसत नाही’ असं बरेच जण सांगतात. थर्मामीटर चार वेळा लावूनही ९८.६च्या आसपास येत असेल तर तो ताप नाही. मग थकवा आणि अंगदुखीचं कारण वेगळं शोधावं लागतं.

दिवसातून चार वेळा मोजा. आकड्यासमोर गोळी कधी घेतली, थंडी वाजली का, लघवी किती वेळा झाली हेही लिहा. वहीचं एक पान पुरतं.

२. आधी धोका बघा, कारण नंतर

ताप कशाचा आहे हे शोधण्याआधी माणूस धोक्यात आहे का ते बघायचं. खालीलपैकी काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही, १०८ला फोन लावायचा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठायचं:

- धाप लागणं, किंवा घरातल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४च्या खाली
- बोलण्यात असंबद्धपणा, खूप गुंगी, फिट येणं
- मान ताठ होऊन तीव्र डोकेदुखी
- हातपाय गार पडणं, उभं राहिल्यावर भोवळ
- सहा-आठ तास लघवी न होणं
- हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी, अंगावर लाल-जांभळे ठिपके
- डोळे पिवळे होणं
- पोटात सतत दुखणं किंवा थांबतच नाहीत अशा उलट्या

श्वास मोजणं घरात कोणालाही जमतं. माणूस शांत पडलेला असताना छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा, आणि मोजतोय हे त्याला सांगू नका. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. २४च्या वर गेले तर डॉक्टरला दाखवायलाच हवं, तीसच्या आसपास असतील तर लगेच.

काही माणसांनी तापाचा दुसरा दिवस उजाडायची वाटही बघू नये. गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचे, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेले, कर्करोगाची औषधं चालू असलेले आणि बराच काळ स्टेरॉइड घेणारे त्यात येतात. म्हाताऱ्या माणसांत तर ताप फार चढतही नाही. आजोबा नेहमीसारखे बोलत नाहीत, जेवायला नको म्हणतात, उठताना तोल जातो, एवढंच दिसतं. न्यूमोनिया असा गुपचूप येतो.

३. पहिले दोन दिवस: पॅरासिटामॉल, पेज आणि धीर

धोक्याची खूण नसेल आणि माणूस एरवी धडधाकट असेल तर पहिले दोन दिवस घरी काढायला हरकत नाही. अपवाद मलेरियाचा. हुडहुडी भरून ताप आला असेल किंवा मलेरियाच्या भागातून माणूस आला असेल तर रक्त पहिल्याच दिवशी तपासून घ्यावं.

औषध एकच, पॅरासिटामॉल. ५०० किंवा ६५०ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. धडधाकट माणसाने घरच्या घरी २४ तासांत ३ ग्रॅमच्या वर जाऊ नये. ६५०च्या चार गोळ्या म्हणजे २.६ ग्रॅम, तिथे थांबा. रोज दारू घेणाऱ्यांना, यकृताचा आजार असणाऱ्यांना आणि ज्यांचं वजन पन्नास किलोपेक्षा कमी आहे त्यांना ही मात्राही जास्त होऊ शकते, त्यांनी डॉक्टरला विचारून घ्यावं. एक गफलत मात्र फार होते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. तापाची एक आणि सर्दीची एक घेतली की नकळत दुप्पट डोस पोटात जातो. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको. अंगदुखी त्यांनी पटकन थांबते हे खरं, पण तो डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि लेप्टोत, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या चिखल-पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गात, किडनी आधीच संकटात असते. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारा.

‘डॉक्टर, एक सुई मारा’ हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकतो. सुईत बहुधा डायक्लोफिनॅक असतं, कधी जोडीला स्टेरॉइड. दोन तासांत घाम फुटतो, ताप उतरतो आणि पेशंट खूश होतो. पण त्या घामाबरोबर तापाचा तक्ताही पुसला जातो. सलाइनचंही तसंच. ‘शक्तीची बाटली’ म्हणतात त्या पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. तोंडाने घेता येत असेल तर उकड्या तांदळाची मीठ घातलेली वाडगाभर पेज त्यापेक्षा सरस. उलट्या थांबत नसतील तेव्हा सलाइनला पर्याय नाही, ती गोष्ट वेगळी.

दिवसभरात दोन-अडीच लिटर पातळ पदार्थ पोटात जावेत. पेज, ताक, शहाळं, ओआरएस, सार, जे गोड लागेल ते. किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर ते पाळा. पुरेसं प्यायलं की नाही याची खूण लघवीत दिसते. दर पाच-सहा तासांनी व्हायला हवी आणि रंग फिका हवा. अंग पुसायला कोमट पाणी घ्या, बर्फ नको. हुडहुडी भरली असताना एक चादर चालेल, पण ताप चढल्यावर चार गोधड्यांखाली माणूस उकडवू नका.

४. खुणा शोधा

खरं निदान इथे होतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पेशंटला, आणि शक्य तर घरातल्या बाईला, पुढचे प्रश्न विचारायचे.

*चिखलात होतात का?* लावणी, नांगरणी, तुंबलेलं पाणी, गोठा, उंदरांचा वावर. लेप्टोचे जंतू उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि पायाच्या चिरा-भेगांतून अंगात शिरतात. आजार बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतो, म्हणून आजचा ताप आणि दोन आठवड्यांपूर्वीची लावणी यांचा संबंध पेशंटच्या लक्षातच येत नाही. पोटऱ्या दाबल्या की माणूस कळवळतो, डोळे लाल असतात पण चिपडं नसतात. या दोन खुणा एकत्र दिसल्या की मी रिपोर्टची वाट बघत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावरच्या आठवड्यांत तिथे लेप्टोचे पेशंट भराभर वाढले, ते याच हिशोबाने.

*रानात, गवतात गेला होतात का?* असाल तर कपडे बाजूला करून अंग नीट बघायचं: कंबरपट्टा, जांघ, काख, गुडघ्यामागची बाजू, स्तनांखाली. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली सापडली तर तो स्क्रब टायफस. माइट नावाच्या बारीक किड्याच्या अळ्या चावल्याने होतो. २०१८मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याने बरीच धास्ती दिली होती. खपली दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही, आणि आपण बघितलं नाही तर दिसत नाही.

*काजूच्या बागेत काम, आजूबाजूला मेलेलं माकड?* हा प्रश्न आमच्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातला आणि गोव्याच्या सत्तरीतला, तोही जानेवारी ते मे या महिन्यांतला. माकडताप गोचिडीतून येतो. तो पहिल्यांदा १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो ओळखला. संशय आला की आरोग्य केंद्राला कळवायचं, रक्ताचा नमुना ते पाठवतात.

*मुंबईहून किंवा बांधकामावरून आलात का?* मलेरिया. थंडी, कडक ताप, मग दरदरून घाम आणि मधे माणूस ठीक. ‘एक दिवसाआड’ हा पुस्तकी नमुना सुरुवातीचे काही दिवस दिसतोच असं नाही, त्यावर अडून राहू नये.

*लघवीला जळजळ, कमरेच्या एका बाजूला दुखणं?* नुसती जळजळ असेल तर बहुधा मूत्राशयापुरता संसर्ग. त्यात थंडी-ताप आणि बरगडीखाली मागे दुखणं आलं की तो किडनीपर्यंत चढला. बायका हे संकोचाने सांगत नाहीत, विचारावंच लागतं.

*नाक वाहतंय, घसा, खोकला, घरात आणखी दोघं आजारी?* बहुतेकदा विषाणू, आठवड्यात आवरतो. *एक पाय लाल, गरम, सुजलेला?* सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालचा जंतुसंसर्ग. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या शोधा, जंतू बरेचदा तिथूनच शिरतात. *सांधे इतके धरलेत की तांब्या उचलवत नाही?* चिकनगुनिया.

५. चाचणी दिवस बघून

तिसऱ्या दिवशी ताप असेलच तर रक्त तपासा. पण लॅबमधलं ‘फिव्हर पॅनल’ एकदम करून टाकण्याआधी कॅलेंडर बघा.

मलेरियाला दिवसाचं बंधन नाही. काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, शिवाय झटपट किटही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही फुकट होतं. एकदा निगेटिव्ह आलं आणि संशय कायम असेल तर एक-दोन दिवसांत पुन्हा करायचं.

डेंग्यूची एनएस-१ पहिल्या पाच दिवसांतली, त्यातही आधीचे दिवस चांगले. पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने आजाराविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांची चाचणी. लेप्टो आणि स्क्रबची आयजीएमही पाच-सात दिवसांनंतरच भरवशाची, म्हणून या दोघांचं औषध अंदाजावर सुरू करावं लागतं. रिपोर्टसाठी थांबलं तर किडनी थांबत नाही.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तिसऱ्या दिवसापासून उपयोगी. सगळे प्लेटलेटकडे बघतात, मी हिमॅटोक्रिटकडेही (रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण) बघतो. ते का, पुढे येईल.

आणि विडाल. टायफॉइडची १८९६ची चाचणी, अजून आपल्याकडे सर्रास होते. टायफॉइड नेहमीचा असलेल्या आपल्या भागात धडधाकट माणसाचीही विडाल थोडीफार पॉझिटिव्ह निघते, आणि पहिल्या आठवड्यात खऱ्या टायफॉइडची निगेटिव्ह येऊ शकते. तिसऱ्या दिवशीच्या विडालवर ‘टायफॉइड झालाय’ असं सांगून दहा दिवस सलाइन लावलेले कितीतरी पेशंट मी पाहिलेत. रोज थोडा थोडा चढत जाणारा ताप, जड जीभ, पोट बिघडलेलं, म्हणून टायफॉइडचा संशय असेल तर ब्लड कल्चर करावं, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघावेत, तेही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. लघवीच्या कल्चरलाही हाच नियम.

६. निदान झाल्यावर

डेंग्यू. आता तो बागायतदार. आयजीएम पॉझिटिव्ह, प्लेटलेट ६२ हजार, हिमॅटोक्रिट ५१. ताप पहाटेपासून नाही. डेंग्यूत ताप उतरायच्या सुमाराला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागतं. रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट चढतो, मग रक्तदाब घसरतो. हा काळ चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा. म्हणून प्लेटलेट खाली आणि हिमॅटोक्रिट वर ही जोडी दिसली की माणूस नजरेसमोर हवा. त्याला दाखल केलं. सलाइन मोजून दिलं, दर काही तासांनी रक्तदाब आणि लघवी तपासली. प्लेटलेट ३८ हजारांपर्यंत गेल्या आणि दाखल केल्यापासून चौथ्या दिवशी आपसूक चढल्या. प्लेटलेटची पिशवी लावली नाही. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर ती सहसा लागत नाही. नातेवाईक मात्र रक्तपेढीत जाऊन बसले होते, आणि एकाने पपईच्या पानांचा रसही आणला होता. त्या रसाने पेशंटला उलटी झाली तर ती रसाची की डेंग्यूची, हे मला कोण सांगणार? मी बाटली बाजूला ठेवायला लावली.

मलेरिया. व्हायवॅक्स या प्रकाराला तीन दिवस क्लोरोक्विन आणि सोबत १४ दिवस प्रायमाक्विन. लोक तिसऱ्या दिवशी ताप गेला की प्रायमाक्विन सोडतात. यकृतात दडलेले जंतू त्याच गोळीने मरतात. ती सोडलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी घेऊन येतो. गरोदरपणात ही गोळी नाही. जी-६-पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर या गोळीने लाल पेशी फुटतात, त्यामुळे लघवी कोकमाच्या पाण्यासारखी लाल-काळी झाली की गोळी बंद करून लगेच दाखवायचं. फाल्सिपेरम हा जास्त घातक प्रकार निघाला तर आर्टेमिसिनिनची संयुक्त औषधं, आणि तीही विलंब न करता.

लेप्टो आणि स्क्रब. सौम्य असताना दोन्हीला डॉक्सीसायक्लिन चालतं. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत व्रण पडतो. गरोदर बाईला दुसरं औषध देतात. स्क्रबचा ताप बहुधा दोन दिवसांत पडतो. नाही पडला तर निदानावर पुन्हा विचार करायचा. कावीळ, कमी लघवी किंवा धाप असेल तर गोळ्यांचा खेळ संपला, माणूस दाखल हवा. लावणीच्या दिवसांत आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या प्रतिबंधक गोळ्या लोक डब्यात ठेवून देतात. त्या घेण्यासाठी असतात!

टायफॉइड. योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलू नका.

फ्लू. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, आणि ते मुख्यतः जोखमीच्या माणसांना. त्यांनी दरवर्षी पावसाळ्याआधी लस घ्यावी.

लघवीचा संसर्ग. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात काम करतं, किडनीत पोचत नाही. थंडी-ताप असताना मागच्या वेळची उरलेली गोळी घेणं म्हणजे वेळ घालवणं. पुरुषाला झाला असेल तर प्रोस्टेट, खडा, साखर तपासून घ्या.

न्यूमोनिया. ताप, खोकला, श्वास घेताना एका बाजूला कळ. छातीचा फोटो त्याच दिवशी काढा.

७. लाल रेघेची पाकिटं

पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ‘अझी’च्या (अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या) तीन गोळ्या दुकानातून आणून प्रत्येक सर्दी-तापाला घेणारी घरं मला माहीत आहेत. विषाणूवर तिचा उपयोग शून्य, आणि टायफॉइड निघाला तर अर्धवट डोसाने कल्चर बिघडतं. डॉक्टरने अँटिबायोटिक लिहिलं तर एक प्रश्न जरूर विचारा: हे कशासाठी, आणि किती दिवस? चिडले तर चिडू देत.

८. ताप लांबला तर

आठवडा उलटला तर नवी गोळी नको, नव्याने तपासणी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, असं असेल तर थुंकीची क्षयाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती आणि पुढची औषधं फुकट आहेत. छातीबाहेरचा क्षयही असतो, मानेतल्या गाठी चाचपून बघा.

डॉक्टरकडे जाताना तापाचं पान, जुने रिपोर्ट आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट न्या. ‘पांढरी गोल गोळी’ वर्णन करून कळत नाही.

गणपतीत त्याच बागायतदाराची सून तापली. सासूबाई कॅलेंडरचं अख्खं पान फाडून घेऊन आल्या. बुधवारच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘रात्री ९. १०१.४. हुडहुडी. लघवीक जळजळ. गोळी १.’ लघवीचा नमुना त्याच सकाळी कल्चरला गेला.